शायलोचा सेनापती आणि बेथलेहेमचा तारा

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत दरवर्षी नाताळ येतो. ज्या घरांत तिन्हीसांजेला देवापुढे सांजवात लागते, त्या घरांतील मुलेही शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या दारावर टांगलेला कागदी तारा मोठ्या कौतुकाने न्याहाळतात. बेथलेहेम गावी गोठ्यात एक बालक जन्मास आले आणि ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडील ज्ञानी पुरुष त्याच्या दर्शनाला आले, ही कथा आपणांस नवी नाही. बंदिशाळेत जन्मलेल्या आणि गोकुळात वाढलेल्या बाळाची कथा ज्यांनी आजीच्या मांडीवर बसून ऐकली, त्यांना गोठ्यात जन्मलेल्या बाळाची कथा परकी वाटण्याचे कारणही नाही. परंतु त्या ज्ञानी पुरुषांपैकी एक जण हिंदू होता, ब्राह्मण कुळात जन्मलेला होता, अशी कल्पना सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन सेनापतीने आपल्या कादंबरीत केली, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या सेनापतीचे नाव ल्यू वॉलेस आणि त्या कादंबरीचे नाव ‘बेन-हर’.

प्राचीन कथांवरील कादंबऱ्या मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) घरोघरी वाचल्या गेल्या. पण कोट्यवधी माणसे ज्याला देव मानून भजतात, त्याच्याच चरित्राला कादंबरीकाराने हात घालावा काय, आणि घातलाच तर कल्पनेला कोठे आवर घालावा, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. वॉलेस यांच्यापुढे तो उभा राहिला, तेव्हा त्यांच्याजवळ ना धर्मशास्त्राचे ज्ञान होते, ना दृढ श्रद्धा. होती ती केवळ जिज्ञासा, आणि मनात खोलवर रुतलेले एक शल्य. त्यांचे चरित्र म्हणूनच आजच्या दिवशी आठवण्याजोगे आहे.

आईविना पोर

लुईस वॉलेस यांचा जन्म १० एप्रिल १८२७ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ब्रूकव्हिल या गावी झाला. त्यांचे वडील डेव्हिड वॉलेस हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकलेले, पुढे वकील झालेले, आणि १८३७ ते १८४० या काळात इंडियानाचे गव्हर्नर होते. आई एस्तेर १८३४ मध्ये क्षयाने वारली. ल्यू त्या वेळी अवघा सात वर्षांचा होता. दोन वर्षांनी घरात सावत्र आई आली. झेरेल्डा हे तिचे नाव. पुढे दारूबंदीच्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळींत तिने मोठे नाव मिळवले. ‘बेन-हर’मधील तेजस्वी मातेचे चित्र रेखाटताना वॉलेस यांच्या डोळ्यांपुढे ही सावत्र आईच होती, असे सांगतात, आणि त्या कादंबरीच्या नायिकेचे नाव एस्तेर, म्हणजे जन्मदात्या आईचे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मुलगा हूड होता. शाळा चुकवून रानावनात भटकावे, नाहीतर इंडियानापोलिसच्या सरकारी ग्रंथालयात जाऊन पुस्तकांत बुडून जावे, हा त्याचा क्रम. सोळाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी कंटाळून हात आखडता घेतला आणि पोट भरण्यासाठी ल्यूला सरकारी कचेरीत दस्तऐवजांच्या नकला करीत बसावे लागले. दिवसा नकला आणि रात्री मेक्सिकोच्या इतिहासावरील कादंबरी, असे ते दिवस गेले. ‘द फेअर गॉड’ ही ती कादंबरी प्रसिद्ध व्हायला मात्र १८७३ साल उजाडावे लागले. मध्यंतरी १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध जुंपताच ते सैन्यात दाखल झाले. परत आल्यावर त्यांनी वकिलीची सनद घेतली, आणि १८५२ मध्ये क्रॉफर्ड्सव्हिल गावच्या सुसान एल्स्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुसानबाई स्वतः लेखिका होत्या. पतीच्या चंचल वृत्तीला त्यांच्या सहवासात स्थैर्य लाभले.

शायलोचा डाग

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या सैन्यात वॉलेस भराभर वर चढले. फेब्रुवारी १८६२ मध्ये डोनेल्सन किल्ल्याच्या लढाईत त्यांनी पराक्रम केला आणि वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते मेजर जनरल झाले. त्या वेळी उत्तरेच्या सैन्यात त्या हुद्द्याचा इतका तरुण अधिकारी दुसरा नव्हता. भाग्य असे हात जोडून उभे असतानाच ६ एप्रिल १८६२ चा दिवस उगवला.

टेनेसी नदीच्या काठी शायलो नावाचे एक लहानसे, लाकडी ओंडक्यांचे प्रार्थनामंदिर होते. त्याला हे नाव बायबलातील एका पवित्र स्थळावरून दिलेले होते. त्या शांत स्थळाभोवती दोन दिवस जी लढाई झाली, तीत दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांहून अधिक सैनिक मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. पहिल्या दिवशी वॉलेस यांची तुकडी काही मैलांवर हुकमाची वाट पाहत उभी होती. सेनापती ग्रँट यांचा हुकूम आला तो तोंडी सांगितलेला आणि एका अधिकाऱ्याने घाईने कागदावर उतरवलेला. त्यावर सहीही नव्हती. सैन्याच्या उजव्या बगलेला येऊन मिळा, असा त्याचा अर्थ वॉलेस यांनी घेतला, आणि सकाळी ती बगल जेथे होती तेथे नेणारी वाट त्यांनी धरली. परंतु तोवर शत्रूच्या रेट्याने ती बगल मागे हटली होती. वाटेत हे कळताच त्यांना फौज वळवून दुसऱ्या मार्गाने न्यावी लागली. ती रणांगणावर पोचली तेव्हा अंधार पडू लागला होता आणि पहिल्या दिवसाची लढाई थांबली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांची तुकडी चांगली लढली आणि उत्तरेचा जय झाला. पण एवढी माणसे का पडली, याचा जाब देश विचारू लागला, तेव्हा पुष्कळांची बोटे वॉलेस यांच्याकडे वळली. तो कागदही हरवला होता. पुरावा कोठून आणणार? काही महिन्यांतच रणांगणावरील सेनापतिपद त्यांच्या हातून गेले. पुढे ९ जुलै १८६४ रोजी मोनोकसी नदीच्या काठी आपल्या दुपटीहून मोठ्या सैन्याला त्यांनी दिवसभर अडवून धरले. ती लढाई ते हरले, परंतु त्यामुळे मिळालेल्या अवधीत वॉशिंग्टन राजधानीला कुमक पोचली आणि ती वाचली. तरी शायलोचा डाग काही पुसला गेला नाही.

आगगाडीतील ती रात्र

युद्ध संपले. वॉलेस क्रॉफर्ड्सव्हिलला वकिली करू लागले. त्या धंद्यात त्यांचे मन मात्र रमत नव्हते. १८७३ च्या सुमारास त्यांनी पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांवर एक कथा मासिकासाठी म्हणून लिहिली आणि मेजाच्या खणात ठेवून दिली. ती लिहिण्यामागे भक्ती नव्हती, केवळ त्या अद्भुत प्रवासाचे आकर्षण होते.

सप्टेंबर १८७६ मध्ये जुन्या सैनिकांच्या मेळाव्यासाठी ते रात्रीच्या गाडीने इंडियानापोलिसला निघाले होते. त्याच गाडीत कर्नल रॉबर्ट इंगरसॉल होते. धर्मावर कठोर प्रहार करणारा अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध वक्ता, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी वॉलेस यांना आपल्या डब्यात बोलावले. देव आहे काय, परलोक आहे काय, येशू हा ईश्वराचा पुत्र होता काय, अशा एकेका प्रश्नावर इंगरसॉल यांची वाणी मुकाम येईपर्यंत अखंड चालू राहिली. वॉलेस ऐकत होते. त्यांना ना होकार देता आला, ना प्रतिवाद करता आला.

गाडीतून उतरल्यावर ट्रामने न जाता ते अंधारात एकटेच भावाच्या घराकडे चालत निघाले. मनाला लाज वाटत होती ती आपण नास्तिकाचे बोलणे ऐकले म्हणून नव्हे. ज्या विषयावर माणसे प्राण पाखडतात, त्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, याची ती लाज होती. वयाची पन्नाशी जवळ आली असता या गृहस्थाने त्या रात्री निश्चय केला की, या विषयाचा आपण स्वतः अभ्यास करायचा आणि काय ते ठरवायचे. रूक्ष धर्मग्रंथ वाचण्याचा कंटाळा येईल, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी खणातली ती कथा बाहेर काढली आणि येशूच्या जन्मापासून क्रुसावरील मरणापर्यंत तिचा विस्तार करायचे ठरवले. लिहिता लिहिता शिकायचे, असा हा वेगळाच स्वाध्याय होता.

घोटभर पाणी

अभ्यास सुरू झाला. पॅलेस्टाईनचे नकाशे भिंतीवर लागले. ज्यू लोकांचा इतिहास, रोमन जहाजे, रथ, झाडेझुडपे, पक्षी, वेशभूषा यांविषयीची माहिती मोठमोठ्या ग्रंथालयांतून गोळा झाली. क्रॉफर्ड्सव्हिलच्या अंगणात एक विशाल बीच वृक्ष होता. उन्हाळ्यात त्याच्या सावलीत बसून ते लिहीत.

अडचण मुख्य होती ती येशूच्या चित्रणाची. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमच्या मंदिरात पंडितांशी चर्चा करतो, आणि त्यानंतरच्या सुमारे अठरा वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. ती पोकळी भरायची, पण स्वतःच्या कल्पनेतला येशू वाचकाच्या गळी उतरवायचा नाही. वॉलेस यांनी यावर तोड काढली. कादंबरीचा नायक त्यांनी काल्पनिक घेतला. ज्यूडा बेन-हर हा यरुशलेममधील धनाढ्य घराण्यातला तरुण. येशू त्या कथेत अगदी थोडा वेळ येतो, आणि त्याच्या मुखी शुभवर्तमानांबाहेरचा एकही शब्द घालायचा नाही, हा नियम लेखकाने स्वतःवर घालून घेतला.

रोमन सुभेदाराची मिरवणूक जात असता बेन-हरच्या गच्चीवरून एक कौल निसटून त्याच्या डोक्यावर पडते. तो केवळ अपघात असतो. पण मेसाला हा बेन-हरचा रोमन बालमित्रच त्याला गुन्हेगार ठरवतो. चौकशी नाही, न्याय नाही. मालमत्ता जप्त होते, आई आणि बहीण अंधारकोठडीत जातात आणि तरुणाला जहाजावर जन्मभर वल्ही मारण्याची शिक्षा होते. न केलेल्या अपराधाचा कलंक काय असतो, हे वॉलेस यांना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

साखळदंडांनी जखडलेल्या त्या कैद्याला नेत असता शिपाई नाझरेथच्या विहिरीपाशी थांबतात. तेव्हा एक सुताराचा मुलगा पुढे येतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि त्याला पाणी पाजतो. बोलत काहीच नाही. एवढा एकच प्रसंग येशूच्या तरुणपणाचा म्हणून लेखकाने आपल्या पदरचा घातला आहे. अनेक वर्षांनी क्रुसावर खिळलेल्या येशूच्या ओठांशी तोच बेन-हर ओला बोळा धरतो, तेव्हा त्याला विहिरीवरचा तो हात आठवत असतो. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणाऱ्या नाथमहाराजांची कथा ज्या महाराष्ट्राने शतकानुशतके ऐकली, त्याला या घोटभर पाण्याचे मोल कोणी निराळे सांगायला नको.

कथेच्या प्रारंभी वाळवंटात भेटणारे तीन ज्ञानी पुरुष हेही असेच अर्थपूर्ण आहेत. बायबलात त्यांची संख्या वा नावे दिलेली नाहीत. ती पुढच्या परंपरेने दिली. वॉलेस यांनी गास्पार हा ग्रीक, बाल्थासार हा इजिप्तचा आणि मेल्किओर हा हिंदू असे कल्पिले. मेल्किओर ब्राह्मण आहे. गंगासागरच्या कपिलमुनींच्या मंदिरापाशी, वाळूत मरायला टाकलेल्या बहिष्कृतांची दशा पाहून त्याचे हृदय द्रवते. तो दयेचे बोलू लागताच लोक त्याला दगड मारून हाकलतात. मग हरिद्वारमार्गे तो हिमालयात जातो, कैलासाच्या परिसरात एका सरोवराकाठी एकांतात ईश्वराची आळवणी करतो, आणि तेथून लाहोर, काबूल, इस्फहान, बगदाद अशा वाटेने ताऱ्यामागून निघतो. श्रद्धा, प्रेम आणि सत्कर्म या तीन मार्गांपैकी प्रेमाचा मार्ग लेखकाने या हिंदू पुरुषाच्या वाट्याला दिला आहे. आपल्या शास्त्रांविषयी वॉलेस यांचे ज्ञान केवळ पुस्तकी होते आणि त्यांची काही मते आपणांस मान्य होणार नाहीत. तरी पाळण्यातील त्या बाळापुढे भरतखंडाचाही एक प्रतिनिधी नतमस्तक व्हावा, आणि त्याने प्रेमाची शिदोरी घेऊन यावे, असे त्यांना वाटले, हे आपण आदराने नोंदवायला हवे.

राजवाड्यातील दिवा

१८७८ मध्ये वॉलेस यांची न्यू मेक्सिको प्रांताचे गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली. तेथे लिंकन परगण्यात टोळ्यांची रक्तरंजित भांडणे चालली होती. बिली द किड या नावाने गाजलेल्या तरुण बंदूकधाऱ्याशी मार्च १८७९ मध्ये त्यांची समक्ष भेटही झाली. दिवसा हा कारभार आणि रात्री सांता फे येथील जुन्या स्पॅनिश राजवाड्याच्या मातीच्या भिंतींआड, झडपा लावून, दिव्याच्या उजेडात लेखन. बेन-हरने रोमनांविरुद्ध सैन्य उभारावे, येशूला राजा करावे, आपल्या अपमानाचा सूड घ्यावा, आणि शेवटी क्रुसापाशी उभे राहिल्यावर त्याला उमगावे की, हे राज्य तलवारीचे नव्हेच. हा शेवटचा भाग त्या राजवाड्यात लिहिला गेला. रणांगणावर आयुष्य घालवलेल्या माणसाने तो लिहिला, हे विशेष. आगगाडीतील त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तरही वॉलेस यांना याच लेखनात सापडले. ग्रंथ पुरा होईतो ते श्रद्धावान झाले होते. मात्र कोणत्याही एका चर्चचे सभासदत्व त्यांनी कधीच घेतले नाही.

१२ नोव्हेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने ‘बेन-हर’ प्रसिद्ध केली. पहिल्या सात महिन्यांत जेमतेम २,८०० प्रती खपल्या. पुढे मात्र खप वाढतच गेला आणि १८८९ पर्यंत तो ४ लाखांवर पोचला. त्या काळी अमेरिकेतील कितीतरी धर्मनिष्ठ घरांत कादंबरी वाचणे पाप मानले जाई. ‘कादंबऱ्यांनी मुले बिघडतात’ हे बोल आपल्याकडेही पूर्वी काय थोडे ऐकू येत? अशा घरांत बायबलाशेजारी ज्या कादंबरीला जागा मिळाली, ती ही होती. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांनीही ती वाचली आणि १८८१ मध्ये वॉलेस यांना तुर्कस्तानच्या सुलतानाच्या दरबारी अमेरिकेचे वकील म्हणून पाठवले. तेथे असताना त्यांना यरुशलेम प्रथमच प्रत्यक्ष पाहता आले. आपण घरी बसून केलेले वर्णन स्थळाशी ताडून पाहिले, तेव्हा बदलावे असे काही आढळले नाही, याचे समाधान त्यांना अखेरपर्यंत होते.

कादंबरी रंगभूमीवर आणण्यासाठी नाटक कंपन्या मागे लागल्या, पण वॉलेस अनेक वर्षे नकारच देत राहिले. येशूची सोंगे नटाने काढू नयेत, एवढाच त्यांचा आग्रह होता. अखेर येशूच्या जागी केवळ एक प्रकाशझोत दाखवायचा, असे ठरल्यावर त्यांनी संमती दिली आणि २९ नोव्हेंबर १८९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये नाटकाचा पहिला प्रयोग झाला. रथांच्या शर्यतीसाठी रंगमंचावर खरे घोडे धावले. देव मात्र प्रकाशाच्या रूपानेच आला. १९५९ च्या ज्या चित्रपटाला ११ ऑस्कर पारितोषिके लाभली, त्यातही येशूचा चेहरा प्रेक्षकांना दिसत नाही.

न मिटलेली रुखरुख

इतके यश मिळूनही वॉलेस यांच्या मनातील शायलो मावळले नव्हते. आपली बाजू मांडणारी पत्रे ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. १८८५ मध्ये ग्रँट मरणशय्येवर आपल्या आठवणी लिहीत होते. त्या सुमारास शायलोला कामी आलेल्या दुसऱ्या एका सेनापतीच्या विधवेकडून एक जुने पत्र पुढे आले. लढाईच्या आदल्या दिवशी ते ल्यू वॉलेस यांनीच लिहिलेले होते. त्या वाटेची योजना आधीच विचारपूर्वक झालेली होती, हे त्यावरून दिसले. ग्रँट यांनी ग्रंथात तळटीप घालून आपला दोषारोप बराच सौम्य केला. पण मूळ मजकूर तसाच राहिला, आणि डाग पुरता धुऊन निघाला नाही. उतारवयात वॉलेस त्या रणभूमीवर पुन्हा गेले आणि आपल्या फौजेची वाट त्यांनी पुन्हा एकवार पाहिली. नायकाला त्यांनी क्षमेच्या पायरीवर चढवले. स्वतः ते त्या पायरीपाशी घुटमळत राहिले, असे म्हणावेसे वाटते. यात त्यांची निंदा नाही. ग्रंथ लिहून झाला तरी साधना उरतेच, हे आपल्या संतांनीही जाणले होते.

१५ फेब्रुवारी १९०५ रोजी क्रॉफर्ड्सव्हिल येथे वॉलेस यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले आत्मचरित्र सुसानबाईंनी पुरे करवून घेतले आणि ते १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९१० मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात इंडियाना राज्याच्या वतीने त्यांचा पुतळा उभारला गेला. त्यांनी स्वतः बांधलेली क्रॉफर्ड्सव्हिलची अभ्यासिका आज संग्रहालय म्हणून जतन करण्यात आली आहे.

देवादिकांच्या चरित्रावरील कादंबरी हाती घेताना वाचकाच्या मनात किंतु येतो, आणि तो यावाही. लेखकाने काय नवे सांगितले, यापेक्षा तो कोठे थांबला, हे अशा वेळी पाहावे. वॉलेस विहिरीपाशी थांबले. त्यांनी पाणी पाजणारा हात दाखवला आणि मुखी शब्द घातला नाही. आज शेजारच्या दारातला तारा उजळेल, तेव्हा घरातील मुलांना गोठ्यातल्या बाळाची कथा अवश्य सांगावी. आणि तिच्यासोबत कैलासाच्या पायथ्याहून निघालेल्या त्या काल्पनिक हिंदू वाटसरूचीही सांगावी.